पहिली क्रूझ आणि घरात एकजण घाबरट: मुंबई-गोवा, लक्षद्वीप, सिंगापूर की सरळ ट्रेनने गोवा?

दिवाळी नाहीतर नाताळची सुट्टी जवळ आली की फॅमिली ग्रुपवर कोणीतरी क्रूझची जाहिरात टाकतंच, त्यावर चार अंगठे येतात, दोन "चला चला" येतात आणि एखादी आत्या किंवा एखादे मेहुणे नुसतं वाचून गप्प बसतात. हे जे गप्प बसलेत ना, त्यांच्यासाठी लिहितेय. आणि त्यांना घेऊन जायला निघालेल्यांसाठीही, कारण बुकिंग करणारा एक असतो आणि पोटात गोळा येतो दुसऱ्याच्याच.

आधीच सांगते, "भीती वाटते" असं सगळे एकाच सुरात म्हणत असले तरी प्रत्येकाचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडलेलं असतं. एकाला उलट्या होतील याची धास्ती, दुसऱ्याला पाण्याचीच, तिसऱ्याला चार भिंतीत कोंडल्यासारखं होईल ही, कोणाला जेवायला काय मिळेल, कोणाला नुसतीच खर्चाची, पण ती उघड बोलता येत नाही म्हणून "मला बोट लागते" म्हणायचं. आणि गंमत म्हणजे एकाला जे औषध तेच दुसऱ्याला बाधतं. त्यामुळे "कुठली क्रूझ चांगली" हे विचारायच्या आधी घरातल्या त्या एका माणसाला नक्की कशाची भीती वाटते ते शांतपणे विचारून घ्या, चारचौघात नको, एकटं गाठून.

समोर साधारण चार पर्याय असतात. पहिला, मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' बोट, दोन-तीन रात्रींची फेरी, गोव्याला टेकून परत किंवा नुसतीच समुद्रात फिरवून परत आणणारी वीकेंडवाली. दुसरा, तीच बोट पण लक्षद्वीपची मोठी फेरी. तिसरा, विमानाने सिंगापूर गाठायचं आणि तिथून 'गेंटिंग ड्रीम' किंवा रॉयल कॅरिबियनच्या एखाद्या अवाढव्य बोटीवर तीन-चार रात्री, मलेशिया नाहीतर थायलंडला हात लावून परत. आणि चौथा, जो जाहिरातीत कधीच नसतो, बोटबीट काही नको, सीएसएमटीहून मडगावची वंदे भारत पकडा (२०२३ च्या जूनपासून चालू आहे, पावसाळा सोडला तर आठेक तासात पोचवते) आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात पाय पसरून बसा. हा चौथा पर्याय मी मुद्दाम धरलाय कारण घाबरणाऱ्या माणसाची तुलना दोन क्रूझमध्ये नसतेच, क्रूझ आणि न-क्रूझ यात असते.

बोटींबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं कळेल. एम्प्रेस ही १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली बोट, मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', रॉयल कॅरिबियनची, आणि बांधलीच होती तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. २०२१ च्या सप्टेंबरपासून ती मुंबईहून सुटायला लागली. लांबी २११ मीटर, टनेज (वजन नाही, बोट आतून किती मोठी त्याचं माप) साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती ती बऱ्याच जणांना आठवत असेल, ती हिच्यापुढे अगदीच लहान. गेंटिंग ड्रीम २०१६ ची, ३३५ मीटर लांब, टनेज दीड लाखाच्या वर. म्हणजे एम्प्रेसच्या तिप्पट. हा फरक पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, कधी मोठीच्या बाजूने आणि कधी चक्क विरोधात.

बोट लागण्याची भीती

ही सगळ्यात कॉमन, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोपी सुद्धा, कारण हिच्यावर उपाय आहेत. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो तो सांगतो आपण हलतोय, डोळे म्हणतात समोरची भिंत तर जागच्या जागी आहे, मेंदूचा गोंधळ होतो आणि पोट ढवळायला लागतं. म्हणूनच मळमळायला लागल्यावर केबिनमध्ये आडवं पडून मोबाईल चाळणं हा सगळ्यात वाईट उपाय आणि उघड्या डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघत उभं राहणं हा सगळ्यात चांगला.

बोटीपेक्षा महिना जास्त महत्त्वाचा आहे, हे एजंट सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र काय असतो ते आपल्याला किनाऱ्यावरूनही दिसतं, गेली काही वर्षं एम्प्रेस पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला जाते ते उगाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या बाजूचा समुद्र बहुतेक शांत असतो, डिसेंबर-जानेवारीत तर कधीकधी बोट चालू आहे की थांबलीये ते खिडकीतून बघून ठरवावं लागतं. मे महिना मात्र फसवा, शाळेला सुट्टी म्हणून सगळे मेमध्ये बुक करतात आणि नेमकं तेव्हाच लाटा वाढायला लागलेल्या असतात, शिवाय मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे दिवस, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते विसरलेलं नसेल कोणी. घाबरट माणसाला घेऊन मेमध्ये पहिली क्रूझ करू नका, सुट्टी असली तरी.

सिंगापूरचं याबाबतीत नशीब चांगलं. पोर्ट क्लांग किंवा पेनांगला जाणाऱ्या बोटी मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात, एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, मधे अरुंद पाणी, त्यामुळे मोठ्या लाटा आत येतच नाहीत फारशा. अधूनमधून सुमात्राकडून वाऱ्यापावसाची झोड येते पण ती तासा-दोन तासांची. त्यात बोट दीड लाख टनेजची, पाण्याखाली दोन्ही बाजूंना डुलणं कमी करणारे स्टॅबिलायझरचे पंख. ज्याला खरोखर बोट लागते त्याच्यासाठी सिंगापूर सगळ्यात बरं, यात मला शंका नाही. लक्षद्वीप या यादीत शेवटी, कारण तिथे उघड्या समुद्रात जास्त वेळ जातो.

केबिन कुठली घ्यायची? बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हलणं जास्त जाणवतं. एसटीत मागच्या सीटवर बसल्यासारखंच ते. पण लोक काय करतात, घाबरणाऱ्या माणसाला "मस्त" वाटावं म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली केबिन देतात आणि मग तो रात्रभर बेसिनपाशी.

गोळ्यांचं म्हणाल तर अव्होमिन आपल्याकडे घाटात जाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे, पण ती मळमळ सुरू झाल्यावर नाही तर आधी घ्यायची असते आणि तिने झोप येते, म्हाताऱ्यांना तर फारच, बीपी-प्रोस्टेट-काचबिंदूवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये, लहान मुलांचंही तेच. आलेपाक, लिंबू, सुका ब्रेड यांनी थोडाफार फरक पडतो. उपाशी पोटी जाणं हा मात्र गैरसमज, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं.

आणि पन्नास-साठ हजार घालवायच्या आधी फुकटात म्हणावी अशी परीक्षा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट, पकडा. २०२० पासून चालू आहे, तासाभराचा प्रवास, बोट क्रूझपेक्षा खूपच लहान म्हणजे हलणं जास्तच. आमच्याकडे नवऱ्याला बोरघाटात गाडी लागते, त्याला मी तिकडे नेलं, आधी अर्धा तास आत एसीत बसवला, हातात मोबाईल. वीस मिनिटांत कपाळावर घाम, गप्प, पाण्याची बाटली उघडायची आणि बंद करायची असं चाललेलं. मग वरच्या डेकवर नेला, कठड्याला धरून उभा केला, म्हटलं तो लांबचा डोंगर दिसतोय ना त्याच्याकडे बघ आणि बोलत राहा. मांडवा येईपर्यंत साहेब वडापाव कुठे मिळतो विचारत होते. ज्याला रो-रोवर डेकवर उभं राहूनही सहन होत नाही, आणि तेही जानेवारीत, त्याने मात्र क्रूझचा हट्ट धरू नये, गोव्याची ट्रेन बरी.

पाण्याची, बुडण्याची भीती

ही वेगळी आणि हिच्याशी हुज्जत घालू नये. रायगड-रत्नागिरीच्या घरांमधून तर ही वारशाने येते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या सासूबाईंचं माहेर त्याच पट्ट्यातलं, त्यांचा जन्मही तेव्हाचा नाही पण आईकडून ऐकलेलं इतकं पक्कं बसलंय की "बोट" म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर तीच. त्यात २०२४ च्या डिसेंबरात एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली ते टीव्हीवर बघितलेलं. अशा माणसाला "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही" म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

सासूबाईंना पटलं ते वेगळ्याच मार्गाने. रामदास भर पावसाळ्यात, माणसांनी गच्च भरून निघाली होती. क्रूझचं तसं नाही, टायटॅनिकनंतर १९१४ पासून सुरू झालेल्या 'सोलास' नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आंतरराष्ट्रीय फेरीच्या बोटींवर लाइफबोटी आणि राफ्ट मिळून एकूण माणसांच्या सव्वापट जागा ठेवावी लागते. इटलीजवळ २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली त्यानंतर आणखी एक बदल झाला, प्रवाशांची ड्रिल आता बोट निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो ऐकला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. बहुतेक तरुण मंडळी या ड्रिलला कंटाळतात, मोबाईल काढतात. घाबरणाऱ्या माणसासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, त्याला तिथे पुढे उभं करा, लाइफजॅकेट कुठे आहे ते दाखवा, आपली लाइफबोट डोक्यावर टांगलेली असते ती दाखवा. सासूबाईंनी त्या लाइफबोटीवरचा माणसांचा आकडा वाचला, दोनदा वाचला, आणि मग चहा मागितला.

आता तुलनेचा खरा मुद्दा. पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला मोठी बोट फारशी त्रास देत नाही कारण ती हॉटेलसारखीच वाटते, पाणी आठ-दहा मजले खाली असतं. त्रास होतो तो मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरताना. गोव्याला बोट मुरगाव बंदरात धक्क्याला लागते, सिंगापूरला, पोर्ट क्लांगला, पेनांगलाही धक्क्याला, सरळ चालत उतरायचं. लक्षद्वीपला मात्र बोट प्रवाळाच्या बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या बोटींनी बेटावर जावं लागतं, फुकेतलाही मोठ्या बोटी बहुतेक वेळा किनाऱ्यापासून लांबच थांबतात आणि तसंच. त्या उतरण्याच्या क्षणी खालची छोटी बोट वर-खाली होत असते, खलाशी हात धरतो, एक पाय इकडे एक तिकडे. माझी नणंद लक्षद्वीपला जाऊन आली, तिथलं पाणी बघून वेडी झाली, फोटो अजून डीपीला आहेत, पण तिच्या सासऱ्यांनी उतरायला नकार दिला आणि ते दिवसभर बोटीवरच बसून होते. आणि समुद्र जरा खवळला तर कॅप्टन उतरणंच रद्द करतो, मग ज्यासाठी आलो ते बेट लांबूनच. म्हणजे पाण्याची भीती असेल तर लक्षद्वीप पहिली क्रूझ म्हणून नको, कितीही सुंदर असलं तरी. दुसरी किंवा तिसरी म्हणून जरूर.

मधेच उतरता येत नाही

या एका भीतीपुढे मात्र माझ्याकडे उपाय नाही आणि कोणी आहे म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हॉटेल आवडलं नाही तर बॅग उचलून निघता येतं, ट्रेनमधून पनवेलला उतरता येतं, बोटीचं तसं नाही, एकदा निघाली की पुढच्या बंदरापर्यंत तुम्ही तिथेच. ज्यांना लिफ्टमध्ये घाम फुटतो, एमआरआयच्या मशीनमध्ये जाता येत नाही, ज्यांना "हवं तेव्हा निघता आलं पाहिजे" हे माहीत असल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी गोव्याच्या ट्रेनचं तिकीट काढावं आणि त्यात काही कमीपणा मानू नये. फारच इच्छा असेल तर सगळ्यात लहान, दोन रात्रींचीच, आणि ती सुद्धा मधे गोव्याला थांबणारी घ्यावी, नुसती समुद्रात फिरवणारी नको, म्हणजे निदान मधे जमिनीला पाय लागतात.

ज्यांचं एवढं नाही, फक्त बंद खोलीत गुदमरल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी केबिनचा प्रश्न आहे. इंटिरियर केबिन सगळ्यात स्वस्त, तिला खिडकीच नसते, दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, सकाळ झाली की नाही ते घड्याळात बघायचं. एजंट पहिल्यांदा तीच गळ्यात मारतो, "झोपायलाच तर जायचंय". झोपायलाच जायचं असतं म्हणून तर अंधाराची भीती वाटते ना बाबा. निदान खिडकीवाली घ्या. एम्प्रेस जुन्या पद्धतीची असल्याने केबिन लहान आणि बाल्कनीवाल्या मोजक्याच, त्या महाग आणि लवकर संपतात. गेंटिंग ड्रीमसारख्या नव्या बोटींवर बहुतेक केबिन बाल्कनीवाल्याच असतात. फक्त वर सांगितलं ते विसरू नका, बोट लागणाऱ्याला खाली-मध्यावर आणि कोंडणाऱ्याला खिडकी-बाल्कनी, आणि दोन्ही एकाच माणसात असेल तर मध्यावरची, जमेल तेवढ्या खालच्या डेकवरची खिडकीवाली.

म्हातारी माणसं आणि आजारपण

इथे मोठी बोट मागे पडते. ३३५ मीटर लांब बोट म्हणजे केबिन एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असलं तर नुसत्या जेवणासाठी जाऊन-येऊन अर्धा किलोमीटरच्या वर चालणं, गुडघे दुखणाऱ्या आईला तीन वेळा हे नको होतं. लिफ्टजवळची केबिन मागून घ्या. एम्प्रेस लहान, दोन वेळा फिरलं की पाठ होते, आजूबाजूला मराठी-हिंदी-गुजराती कानावर पडतं, स्टाफशी हिंदीत बोलता येतं, आणि हे शेवटचं घाबरलेल्या ज्येष्ठांसाठी किती मोठं असतं ते तरुणांना कळत नाही. सिंगापूरला पाच-साडेपाच तासांचं विमान, इमिग्रेशन, बोटीवर चढताना पुन्हा रांग, पुन्हा पासपोर्ट, उतरताना पुन्हा. ज्याला विमानाचीच भीती आहे त्याला तर मुंबईचीच बोट, बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला टॅक्सीने जा आणि चढा.

डॉक्टर आणि छोटा दवाखाना दोन्हीकडे असतो, पण फुकट नसतो, परदेशी बोटीवर बिल परकी चलनात, ते बघून नवीन आजार व्हायचा. सिंगापूर असेल तर ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच आणि त्यात क्रूझ धरलेली आहे का ते वाचून घ्या. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनपाशी पोचायला संध्याकाळ होते. चोवीस आठवडे उलटलेल्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत.

खाणं, आणि "तिथलं वातावरण"

खाण्याची काळजी जितकी केली जाते तितकी करायची गरज नाही. मुंबईच्या बोटीवर शाकाहारी, जैन सगळं मिळतं, सिंगापूरच्या बोटींवरही भारतीय प्रवासी इतके असतात की शाकाहारी-जैन जेवण मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. उपवासवाल्यांनी राजगिऱ्याचे लाडू, खाकरा, बंद पाकिटातलं काहीतरी सोबत घ्या. घरचं शिजवलेलं बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत, इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री तर नाहीच, आगीचा धोका म्हणून गेटवरच काढून घेतात. तेव्हा "मी आपली किटलीत खिचडी लावेन" म्हणणाऱ्या मावशींना आधीच सांगा. आणि हो, परदेशी बोटींच्या बाथरूममध्ये बहुतेक वेळा जेट नसतो, नुसता कागद. एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, अर्धी भीती तिथेच संपते, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

वातावरणाचं म्हणाल तर २०२१ च्या ऑक्टोबरात एम्प्रेसवर पडलेली ती ड्रग्जची धाड सगळ्यांना आठवते आणि घरातले मोठे हमखास काढतात. कॅसिनो आणि बार मुंबईच्या बोटीवर आहेत तसे सिंगापूरच्याही आहेत, त्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो तो वाराने. शुक्रवारी निघणारी दोन रात्रींची फेरी म्हणजे ऑफिसची टोळकी, बॅचलर पार्ट्या, रात्री दोनपर्यंत डीजे. तीच बोट मधल्या वारी निघाली की कुटुंबं, आजी-आजोबा, निवांत. शांत माणसाला शुक्रवारच्या फेरीवर नेलंत तर तो जन्मभर क्रूझचं नाव काढणार नाही, आणि दोष बोटीचा नसेल.

लहान मुलांचं फारसं काही नाही. कठडे उंच आणि भक्कम असतात, मुलांचे क्लब असतात, डायपरवाल्या बाळांना बहुतेक ठिकाणी पूलमध्ये जाऊ देत नाहीत. मुलं घाबरत नाहीतच, आयाच घाबरतात.

कागद, पैसे, फोन

मुंबई-गोव्याला आधार कार्ड पुरतं, मुलांचंही ओळखपत्र लागतं. लक्षद्वीपला परमिट लागतं, ते बुकिंगबरोबर काढून घ्यावं. सिंगापूरला पासपोर्ट, व्हिसा, अरायव्हल कार्ड, आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे बघायचंच, कारण बोट मलेशियाला जाऊन परत आली की तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरताय. कागदांनीच ज्याची झोप उडते त्याला पहिल्यांदा मुंबईहूनच न्या.

पैशात सिंगापूर सगळ्यात महाग, विमान आणि व्हिसा धरला की मुंबईच्या फेरीच्या कितीतरी पट. पण मुंबईची फेरी आणि गोव्याचं हॉटेल यांची तुलना लोक चुकीची करतात. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, दोघांत एक केबिन धरून, त्यावर पोर्ट चार्जेस, टिप म्हणजे ग्रॅच्युइटी, जीएसटी. दारू वेगळी, वायफाय वेगळं, गोव्यात उतरून फिरायची टॅक्सी वेगळी. उलट जेवण, शो, पूल त्यात आलेलं असतं. चौघांचं कुटुंब असेल तर सगळं धरून गोव्याचं बरं हॉटेल आणि ट्रेन बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. आणि गोवा बघायचा असेल तर क्रूझने जाऊच नका, मुरगावहून पणजी तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन हातात राहतात जेमतेम काही तास, बोट कोणासाठी थांबत नाही.

फोनची गोष्ट काळजी करणाऱ्यांसाठी. किनारा लांब गेला की नेटवर्क जातं, आणि फोन आपोआप बोटीवरचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो, त्याचं बिल भयंकर येतं, म्हणून चढल्याबरोबर फ्लाइट मोड. घरी एकटी आई असेल, रोज रात्री फोन केल्याशिवाय झोपत नसेल, तर वायफायचं पॅकेज घ्या आणि तिला आधीच सांगा की उद्या दुपारपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर इथे तुम्ही मजेत आणि तिथे ती मामाला घेऊन पोलीस स्टेशनला.

मग कोणी काय करावं

माझं मत विचाराल तर घरात एक घाबरणारा असेल, बाकीचे तयार असतील, आणि भीती उलट्यांची किंवा खाण्यापिण्याची असेल, तर डिसेंबर-जानेवारीत मधल्या वाराची मुंबई-गोवा, दोन-तीन रात्री, मध्यावरची खिडकीवाली केबिन. पहिल्यांदाच सिंगापूरला उडी मारू नका, तिथे बोट स्थिर असली तरी बाकीचं सगळं नवीन, आणि घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच नवीन गोष्ट झेपते. अपवाद एक, ज्याला बोट फार लागते पण विमान-परदेश याचं काही वाटत नाही, आणि खिशाला झेपतंय, त्याने सरळ सिंगापूर, पोर्ट क्लांग किंवा पेनांगची फेरी.

पाण्याच्या भीतीवाल्यांनाही तीच मुंबई-गोवा, पण रो-रो आधी करून. कोंडण्याच्या भीतीवाल्यांना ट्रेन. आणि ज्याला खरंतर यायचंच नाहीये, कारण काहीही सांगो, त्याला मागे राहू द्या की, आठ दिवस अबोला धरण्यापेक्षा दोन रात्री घरी राहिलेला बरा.

बुक करताना एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा, व्हॉट्सॅपवर चालेल. किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे परत, कारण तारीख जवळ आली की बहुतेक काहीच मिळत नाही. हवामानामुळे गोवा किंवा बेट रद्द झालं तर काही परत मिळतं का. आणि केबिनचा नंबर आत्ता मिळणार की चढताना, कारण "गॅरंटी केबिन" नावाचा स्वस्त प्रकार असतो त्यात बोटीच्या कुठल्याही टोकाला टाकतात, आणि तुमचा घाबरट माणूस नेमका पुढच्या टोकाला जाऊन पडतो. त्या घाबरट माणसालाच फोनवर घ्या एजंटशी बोलताना. केबिन त्याला निवडू दे, पैसे तुम्ही भरा.